विश्लेषण : ‘कॉपी-पेस्ट’ची डोकेदुखी, वहीतला कोड आणि पहिला कंपायलर... ग्रेस हॉपर यांनी नेमके काय केले?

एका प्रकल्पातली सर्व्हर कॉन्फिगरेशनची फाइल दुसऱ्या प्रकल्पात जशीच्या तशी चिकटवायची, पोर्ट क्रमांक किंवा फोल्डरचा पत्ता बदलायचा राहून जायचा आणि मग वेबसाइट का उघडत नाही, याचा शोध घेत रात्र काढायची. वेब अ‍ॅप तयार करणाऱ्या डेव्हलपरला हे नवे नाही. कोडचे तयार तुकडे, म्हणजे स्निपेट, वेळ वाचवतात आणि बेसावध राहिल्यास तितकाच वेळ खातातही.

ही डोकेदुखी इंटरनेटहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात काम करणारे प्रोग्रॅमर असेच तुकडे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत आणि अशाच चुका करत. त्यांच्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापिकेने पुढे या उतरवण्याच्या कामातून माणसाला बाजूला काढले. त्या म्हणजे ग्रेस हॉपर.

गणिताच्या प्राध्यापिका नौदलात कशा गेल्या?

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ आत कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातल्या सात घड्याळांचे सुटे भाग झाले होते. शिक्षा एवढीच, की यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचे.

व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी घेतली. येल विद्यापीठातून १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या प्राध्यापकाशी त्यांचा विवाह १९३० मध्ये झाला होता. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. आडनाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत हॉपर हेच ठेवले.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर त्यांनी नौदलात जायचे ठरवले. पणजोबा नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते, त्यामुळे ओढ होतीच. पण वय भरतीच्या मर्यादेबाहेर गेलेले आणि वजन किमान अटीपेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात तुकडीत पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांना जहाजावर नव्हे, तर हार्वर्डला पाठवण्यात आले.

तळघरातले यंत्र

तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली ‘मार्क-१’ हे यंत्र चालत होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट. सेकंदाला तीन बेरजा. एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद. स्क्रीन, कीबोर्ड असे काही नाही. आज्ञा द्यायच्या त्या कागदी टेपवर छिद्रे पाडून. एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचे असेल, तर टेपची दोन टोके चिकटवून तिचे कडे करायचे. प्रोग्रॅमिंगमधल्या ‘लूप’चे इतके डोळ्यांना दिसणारे रूप दुसरे नसेल.

रुजू होताच एकेन यांनी त्यांच्यापुढे काम टाकले आणि उत्तरांसाठी पुढच्या गुरुवारची मुदत दिली. यंत्र शिकवायला वेळ कुणाकडेच नव्हता. नौदलाला तोफांच्या माऱ्याचे तक्ते हवे होते. त्याच वर्षी जॉन व्हॉन न्यूमन अणुबॉम्बशी संबंधित एक गणित याच यंत्रावर करून घेण्यासाठी आले. ते नेमके कशासाठी, हे तिथल्या बहुतेकांना तेव्हा माहीत नव्हते.

यंत्राची पूर्ण माहिती कुठेच लिहिलेली नाही, हे पाहून एकेन यांनी हॉपर यांना पुस्तक लिहायला सांगितले. पाचशेहून अधिक पानांची ही पुस्तिका १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. आज ज्याला ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणतात आणि जे लिहायचा सर्वांना कंटाळा असतो, ते काम हॉपर यांनी कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीला केले.

वहीत काय असायचे?

मार्क-१ वर हॉपर यांच्यासोबत रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन प्रोग्रॅमर होते. एखादे गणित एकदा यंत्रावर नीट चालले, की त्याच्या आज्ञा वहीत लिहून ठेवण्याची पद्धत पडली. पंचेचाळीस अंशांपेक्षा लहान कोनाची ‘साइन’ काढायची आहे? ब्लॉक यांची वही मागायची, त्यातला तुकडा उतरवून घ्यायचा, आपल्या कामात बसवायचा. तपासलेला, चालणारा कोड पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही, हे या तिघांनाही उमगले होते.

आज डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असेच एक फोल्डर असते. लॉग-इन तपासण्याचा तुकडा, डेटाबेसला जोडणारा तुकडा, कॅशे साफ करणारी आज्ञा. फरक साधनांचा आहे, सवय तीच आहे.

‘बग’ हा शब्द हॉपर यांनी दिला का?

नाही. समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरणारी ही गोष्ट अर्धीच खरी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मार्क-२ या पुढच्या यंत्राची चाचणी सुरू असताना ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये पतंग हा कीटक अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवण्यात आला आणि बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना, अशी नोंद खाली करण्यात आली. पण त्या नोंदीतला विनोद कळायचा, तर ‘बग’ हा शब्द दोष या अर्थाने आधीच रुळलेला असायला हवा. तसा तो होता. थॉमस एडिसन १९व्या शतकात तो वापरत. पतंग शोधणाऱ्याही हॉपर नव्हत्या. त्यांनी पुढे आयुष्यभर ही गोष्ट रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९४९ हे वर्ष

युद्ध संपल्यावर हॉपर यांनी नौदलाच्या नियमित सेवेत घेण्याची विनंती केली. वयाचे कारण देऊन ती नाकारण्यात आली. व्हासारमधली प्राध्यापकी पुन्हा मिळत होती, ती त्यांनी सोडली आणि हार्वर्डमध्ये संशोधक म्हणून राहिल्या. पण तिथले पद मुदतीचे होते, कायम होण्याची शक्यता नव्हती. संसार मोडलेला, कामाचा ताण अखंड. या काळात त्यांचे मद्यपान हाताबाहेर गेले. १९४९ च्या अखेरीस दारूच्या नशेत गोंधळ घातल्याबद्दल फिलाडेल्फियात त्यांना अटक झाली. सहकाऱ्यांनी स्पष्ट शब्दांत समज दिली आणि हळूहळू त्या सावरल्या. त्यांच्यावरच्या गौरवलेखांत हा भाग बहुधा गाळला जातो. मात्र ज्या कामासाठी त्या आज ओळखल्या जातात, ते सगळे यानंतरचे आहे.

त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कॉम्प्युटर कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाल्या होत्या. ही कंपनी ‘युनिव्हॅक’ हा संगणक बांधत होती. १९५० मध्ये रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली.

तुकडा उतरवताना नेमके काय चुकायचे?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे पत्ते. युनिव्हॅकच्या स्मृतीत १००० जागा होत्या, ० ते ९९९. वहीतला प्रत्येक तुकडा शून्यापासून क्रमांक देऊन लिहिलेला असे. समजा तुकड्यात १२व्या ओळीकडे जा अशी आज्ञा आहे आणि तो तुकडा नव्या प्रोग्रॅममध्ये ३०० पासून बसवायचा आहे. मग १२ च्या जागी ३१२ लिहायला हवे. तुकड्यातल्या अशा प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे, तेही हाताने. एक बेरीज चुकली, की यंत्र भलत्याच ओळीवर जायचे.

दुसरी म्हणजे अक्षरे. हाताने उतरवताना इंग्रजी ‘बी’चा १३ व्हायचा. चारचा आकडा त्रिकोणासारखा दिसायचा आणि युनिव्हॅकमध्ये त्रिकोण हे मोकळ्या जागेचे चिन्ह होते. गणिताचे पदवीधरही बेरीज करताना आणि मजकूर उतरवताना चुकतातच, असे हॉपर यांचे निरीक्षण होते.

आणि समोर जे यंत्र होते, त्याची खासियत काय? न चुकता उतरवणे आणि न चुकता बेरीज करणे. मग हे काम माणसाने का करायचे? यंत्रालाच द्या.

हे आज साधे वाटते. पण कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहून ठेवणारा डेव्हलपर तीच चूक करत असतो. दुसऱ्या जागी गेल्यावर बदलणारी गोष्ट तुकड्याच्या पोटात पक्की करून टाकायची नाही, ती बाहेरून पुरवायची. ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ वापरा, पूर्ण पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ता द्या, या सल्ल्यांचे मूळ कारण हेच.

‘ए-०’ने काय केले?

१९५१-५२ मध्ये हॉपर यांनी ‘ए-०’ ही प्रणाली तयार केली. तपासलेले सगळे तुकडे एका चुंबकीय टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला हाक मारण्यासाठी एक क्रमांक दिला. प्रोग्रॅमरने फक्त कोणत्या क्रमाने कोणते तुकडे हवेत आणि त्यांना कोणते आकडे पुरवायचे, एवढे लिहायचे. तुकडे शोधणे, उतरवणे, पत्त्यांत बेरीज करणे आणि सगळे जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे हे युनिव्हॅकचे काम. तुकडे गोळा करून संकलन करते, म्हणून नाव ‘कंपायलर’. मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग इथल्या परिषदेत त्यांनी यावर निबंध सादर केला.

यात एक अडचण मोठी मजेदार पद्धतीने सुटली. यंत्र प्रोग्रॅम पुढून मागे एकदाच वाचत जाणार. मागच्या तुकड्याकडे परत जा म्हटले तर ठीक, त्याची जागा ठरलेली असते. पण पुढे येणाऱ्या तुकड्याकडे जा म्हटले तर? त्याची जागा अजून ठरलेलीच नाही. हॉपर कॉलेजात बास्केटबॉल खेळत. पुढच्या खेळाडूकडे चेंडू द्यायचा असेल आणि वाट मोकळी नसेल, तर मधल्या कुणाकडे तरी टाकायचा, हे त्यांना आठवले. त्यांनी स्मृतीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. पुढे जायची आज्ञा आधी या कोपऱ्यातल्या एका ठरलेल्या जागेकडे पाठवायची. पुढचा तुकडा प्रत्यक्ष बसला, की त्याचा खरा पत्ता त्या जागेत लिहायचा. सर्व्हरच्या पुढे ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ ठेवणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. बाहेरच्यांना एकच कायम पत्ता, आतला पत्ता कधीही बदला.

पहिला कंपायलर म्हणणे कितपत योग्य?

इथे थोडे सावध राहायला हवे. आजचा कंपायलर एका भाषेतला मजकूर वाचून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. ए-० तसे करत नव्हते. ते तुकडे जोडत होते, ज्याला आज ‘लिंकर’ आणि ‘लोडर’ म्हणतात. तुकड्यांच्या संग्रहाची कल्पनाही एकट्या हॉपर यांची नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या ‘एडसॅक’ संगणकावर मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी सबरूटीनचा संग्रह उभारला होता आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढले होते. गणिती सूत्रांचे वेगवान रूपांतर करणारा ‘फोरट्रान’ कंपायलर १९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केला.

मग हॉपर यांचे वेगळेपण कशात? प्रोग्रॅम लिहिणे हे कामच यंत्राकडून करून घेता येते, हे त्यांनी व्यवसायाच्या जगाला पटवले. सोपे नव्हते. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे त्यांना सांगितले जाई. कंपायलर चालत असूनही बराच काळ त्याला कुणी हात लावेना. हाताने कोड लिहिण्यात पारंगत झालेल्यांना आपली कला सामान्य होण्याची भीती होती. ही भीती आजही ऐकू येते, नाव तेवढे बदलते.

१९५३ च्या अखेरीस ‘ए-२’ ही सुधारित आवृत्ती ग्राहकांना दिली गेली, ती मूळ कोडसह. सुधारणा सुचल्या तर परत पाठवा, असे आवाहनही सोबत होते. ‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यानंतर ४५ वर्षांनी, १९९८ मध्ये रूढ झाला.

फ्रेंच प्रोग्रॅमने खळबळ का उडाली?

पुढचा टप्पा भाषेचा होता. हिशेब ठेवणाऱ्या माणसांना गणिती चिन्हे नकोशी वाटतात, त्यांना शब्द हवेत, हे हॉपर यांनी हेरले. इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारा छोटा नमुना त्यांच्या गटाने तयार केला. व्यवस्थापनाला दाखवताना त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे केवळ खुणा. इंग्रजी शब्दाच्या जागी फ्रेंच शब्द ठेवला तरी मागे चालणारा तुकडा तोच, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते.

परिणाम उलटा झाला. अमेरिकेत, फिलाडेल्फियात बांधलेल्या यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन समजणे शक्यच नाही, अशी वरिष्ठांची प्रतिक्रिया होती. फक्त इंग्रजीच वापरू, असे आश्वासन दिल्यावर आणि बरेच महिने समजावल्यावर प्रकल्प पुढे सरकला. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा आली. माहितीचे वर्णन एकीकडे आणि त्या माहितीवर करायची प्रक्रिया दुसरीकडे, अशी स्वच्छ विभागणी तिच्यात होती.

कोबोल आणि कॉन्फिगरेशनचा संबंध काय?

प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी असल्याने यंत्र बदलले की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागत. यावर तोडगा काढण्यासाठी मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली आणि त्यातून ‘कोबोल’चा जन्म झाला. हॉपर यांना ‘कोबोलची आई’ म्हणण्याची प्रथा आहे, पण भाषा समितीने तयार केली. जीन सॅमेट यांच्यासह अनेकांचा त्यात वाटा होता. हॉपर सल्लागार होत्या. मात्र समितीसमोरचा मुख्य नमुना फ्लो-मॅटिकचा होता.

कोबोल प्रोग्रॅमचे चार विभाग असतात : ओळख, परिसर, माहिती आणि प्रक्रिया. यातल्या परिसर विभागात ‘कॉन्फिगरेशन सेक्शन’ याच नावाचा भाग आहे. प्रोग्रॅम कोणत्या संगणकावर चालणार, हे तिथे लिहायचे. यंत्र बदलले, तर मुख्यतः हाच विभाग बदला, प्रक्रियेला हात लावू नका, हा विचार. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर किरकोळ बदलांसह चालवून दाखवण्यात आला. वेब अ‍ॅप स्वतःच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर वेगवेगळ्या ‘एन्व्ह’ फाइलने चालवताना डेव्हलपर नेमके हेच करतो. ग्रंथालयातून तयार मजकूर आणून जोडण्यासाठी कोबोलमध्ये ‘कॉपी’ नावाची आज्ञाही आहे. वहीतून उतरवण्याचे काम शेवटी एका शब्दावर आले.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत कोबोल इतके मुरले, की १९९० च्या दशकाच्या अखेरीस वर्ष दोनच आकड्यांत साठवल्याने ‘वायटूके’चा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले. मुंबई-पुण्यातल्या अनेक अभियंत्यांची कारकीर्द त्या जुन्या कोबोल फाइली तपासण्यापासून सुरू झाली.

निवृत्तीनंतर परत का बोलावले?

१९६६ च्या अखेरीस, वयाच्या ६०व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलातून त्यांना निवृत्त करण्यात आले. सातच महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावले. कारण कोबोलच. प्रमाणभाषा असूनही प्रत्येक उत्पादकाचा कंपायलर आपापल्या पद्धतीने तिचा अर्थ लावत होता. हॉपर यांच्या गटाने चाचणी प्रोग्रॅमचे संच तयार केले. ते चालले, तरच कंपायलर प्रमाणानुसार आहे असे मानायचे. आज ब्राउझर प्रमाणानुसार वागतो का, हे पाहण्यासाठी ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ वापरतात, त्यामागची रीत तीच आहे.

त्या सहा महिन्यांची जवळपास १९ वर्षे झाली. १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळात कमोडोर. १९८५ मध्ये या पदाचेच नाव रिअर अ‍ॅडमिरल झाले. पणजोबांच्या पदापर्यंत त्या पोहोचल्या होत्या. त्यांच्या कार्यालयात उलटे फिरणारे घड्याळ होते. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, एवढ्या कारणाने कुणी काही करू नये, म्हणून ते भिंतीवर टांगलेले असे.

फूटभर तारेचा तुकडा कशासाठी?

उपग्रहाद्वारे संदेश पाठवायला इतका वेळ का लागतो, असे नौदलातले अधिकारी विचारत. मग हॉपर त्यांच्या हातात तारेचा एक तुकडा देत. लांबी ११.८ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. एका नॅनोसेकंदात प्रकाश एवढेच अंतर कापू शकतो. सोबत मायक्रोसेकंदाची गुंडाळीही दाखवत, ती ९८४ फुटांची. व्याख्यानांना आलेल्या विद्यार्थ्यांनाही हे तुकडे वाटत.

वेब अ‍ॅपचा वेग वाढवताना हीच तार उपयोगी पडते. काच-तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आणि वापरकर्ता मुंबईत असेल, तर अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, त्यामुळे अधिकच. एका पानासाठी अशा दहा फेऱ्या एकामागोमाग होत असतील, तर कोड कितीही चपळ असला तरी सव्वा सेकंद प्रवासातच जातो. त्यासाठी फेऱ्या कमी करायच्या किंवा फाइली सीडीएनवर, वापरकर्त्याच्या जवळ ठेवायच्या. कॉन्फिगरेशनमधला कोणताही आकडा बदलून प्रकाशाचा वेग वाढत नाही.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर हॉपर यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९. त्यानंतर त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या आणि अखेरपर्यंत त्या पदावर होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांचे दफन करण्यात आले. नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले.

२०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आणलेल्या चिपच्या रचनेला ‘हॉपर’ हे नाव दिले. तिच्या जोडीच्या प्रोसेसरचे नाव ‘ग्रेस’. विचारले की कोडचा तयार तुकडा लिहून देणाऱ्या भाषा-प्रारूपांपैकी अनेकांचे प्रशिक्षण याच चिपवर झाले आहे.